गोळीआधीचा खटका

मराठीत ‘खटका’ हा शब्द मोठा गुणी आहे. दिव्याच्या बटणाला तो चालतो, उंदराच्या सापळ्याला चालतो, आणि दोन जावांमध्ये सकाळी चुलीपाशी जे उडते त्यालाही आपण खटकाच म्हणतो. मनाला एखादी गोष्ट रुचली नाही की ती ‘खटकते’. एका लहानशा कोरड्या आवाजावर आपल्या भाषेने एवढा संसार मांडला आहे. त्या सगळ्यांत अर्थाचे सूत्र एकच: काहीतरी आतापर्यंत अडून होते, आणि आता ते सुटले किंवा सुटण्याच्या बेतात आहे.

दिवाळी अंकात समीक्षकाने एखादा कवितासंग्रह घ्यावा, फार तर वर्षातले एखादे नाटक घ्यावे, अशी आपली रीत. मी आज परीक्षणासाठी घेतला आहे तो एक आवाज. चित्रपटात, दूरदर्शनच्या मालिकांत कोणी पिस्तूल काढले की गोळी सुटण्यापूर्वी जो ‘खर्र-खटाक्’ असा दुहेरी आवाज येतो, तो. घरोघरी रात्रीच्या जेवणाच्या वेळी तो ऐकू येतो, आजी वरणभात कालवताना ऐकते आणि नातू घास तोंडात धरून ऐकतो. ज्या आवाजाला एवढे श्रोते आहेत त्याची कोणीतरी नीट दखल घ्यायला हवी.

आधी हा आवाज येतो कोठून ते पाहू. पिस्तुलाच्या मुठीत काडतुसे एकावर एक रचलेली असतात; त्या डबीला मॅगझीन म्हणतात. नळीच्या वर पोलादाचा एक सरकता भाग असतो, त्याला ‘स्लाइड’ हेच नाव रूढ आहे. तो हाताने मागे खेचला की आतली स्प्रिंग दबते. हा झाला ‘खर्र’. हात सोडला की स्प्रिंग त्याला झटक्याने पुढे फेकते. पुढे जाता जाता तो वरचे काडतूस ढकलून नळीच्या मागच्या घरात बसवतो आणि स्वतः जागेवर येऊन बसतो; हा झाला ‘खटाक्’. पुढे प्रत्येक गोळीच्या धक्क्याने हेच काम आपोआप होते, हाताने पुन्हा काही करावे लागत नाही. अशी सरकत्या भागाची रचना असलेले पहिले पिस्तूल मोठ्या प्रमाणावर तयार झाले ते १९०० च्या सुमारास बेल्जियममध्ये. त्याची कल्पना जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराची. म्हणजे हा आवाज जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे. आपल्या ओव्या आणि पोवाडे त्याच्यापेक्षा कितीतरी वडील आहेत.

इतक्या अल्पवयीन आवाजाने एवढी सत्ता कशी मिळवली? पहिले कारण अगदी व्यवहारी आहे. खऱ्या गोळीचा आवाज घरात आणता येत नाही. तो इतका मोठा आणि इतका आखूड असतो की ध्वनिग्राहक यंत्राला तो पेलत नाही. मुद्रित करून ऐकावा तर फटाका फुटल्यासारखा वाटतो. नाटकवाल्यांची अडचण तर जुनीच आहे. विंगेत फळी आपटा नाहीतर फटाका फोडा, तिसऱ्या रांगेतला मुलगा हसायचा तो हसतोच. खटक्याचे मात्र तसे नाही. तो मूळचाच लहान आहे. तो जसाच्या तसा पडद्यावर येतो, आणि श्रोत्याच्या कानाशी आल्यासारखा येतो. स्फोटाची नक्कल फसते तेथे खटका निभावून नेतो.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि ते सांगण्यासाठी थोडे आपल्या घरच्या शास्त्राकडे वळावे लागेल. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला. शब्दाचा सरळ अर्थ एक, आणि त्या अर्थातून मागाहून उमटणारा दुसरा, न बोललेला अर्थ. या दुसऱ्याला त्याने काव्याचा आत्मा म्हटले आणि नाव दिले ‘ध्वनी’. तो अर्थ कसा उमटतो हे सांगताना या परंपरेने दाखला घेतला तो घंटेचा. टोला एकदाच पडतो, पण त्यानंतर जे घुमत राहते, जे अनुरणन होते, त्यात खरी गोडी असते. आता आपला खटका या कसोटीला लावून पाहा. त्याचा वाच्यार्थ एवढाच की लोखंडावर लोखंड आपटले. लक्ष्यार्थ असा की शस्त्र तयार झाले. आणि व्यंग्यार्थ? ‘या माणसाचे मन ठरले.’ पात्राने तोंडाने एक शब्द न उच्चारता प्रेक्षकाला त्याच्या निश्चयाची वार्ता पोचते. एखाद्या चांगल्या ओळीकडून आपण याहून अधिक काय मागतो?

शिवाय या व्यंग्याला काळाचे एक परिमाण आहे. खटका झाला, गोळी अजून सुटलेली नाही. या दोहोंमध्ये जो एक क्षण असतो त्यात माणूस अजून थांबू शकतो. समोरचा शरण येऊ शकतो, तिसरा कोणी मध्ये पडू शकतो, हात थरथरू शकतो. गोळी सुटल्यावर नाट्य संपते आणि पंचनामा सुरू होतो. नाट्य आहे ते त्या मधल्या क्षणात, आणि त्या क्षणाचे दार उघडते ते या खटक्याने.

आमच्या वाङ्मयाला ही युक्ती नवी नाही. महाभारतात बाण सुटण्यापूर्वी धनुष्याच्या दोरीचा टणत्कार होतो. मराठीने हा शब्द असा काही आपलासा केला आहे की तो उच्चारतानाच दोरी ताणली जाते आणि सुटते. टणत्कार म्हणजे प्रतिपक्षाला दिलेली उघड सूचना: मी आलो आहे, सज्ज आहे, तूही सज्ज हो. धर्मयुद्धाचा सगळा शिष्टाचार त्या एका आवाजात आहे. याच्या उलट बाजू पाहायची असेल तर सौप्तिक पर्व काढावे. अश्वत्थामा रात्री पांडवांच्या शिबिरात शिरतो, झोपलेल्यांना मारतो. तेथे सूचना नाही आणि आव्हानही नाही. जे कृत्य आवाज न करता करावे लागते ते कसले असते, हे व्यासांना कोणी शिकवायला नको होते. पडद्यावरचा नायक पाठमोऱ्या खलनायकावर एकदम गोळी न झाडता आधी खटका करतो आणि त्याला वळायला लावतो, तेव्हा त्याच्याही नकळत तो टणत्काराचा वारसा चालवत असतो. प्रेक्षकांना तो आवडतो यात गावंढळपणा नाही. न्यायाची जुनी चाड आहे.

हे सारे माझ्या डोक्यात नीट जुळले ते परंड्यात. धाराशिव जिल्ह्यातले हे गाव आणि त्याचा भुईकोट किल्ला. नकाशावर लहान, पण तोफांच्या इतिहासात फार मोठा. विजापूरच्या बुरुजावर जी ‘मुलूख-ए-मैदान’ तोफ पाहायला सहली जातात, ती आधी परंड्यात होती. १५४९ साली ती अहमदनगरच्या निजामशाहीत ओतली गेली, मुहम्मद बिन हुसेन रूमी नावाच्या कारागिराच्या हातून. पुढे ती परंड्यास आली, आणि १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे तिला ओढायला लागली असे सांगतात. वजन सुमारे पंचावन्न टन आणि लांबी चौदा फुटांच्या आसपास असल्यामुळे यात अतिशयोक्ती असली तरी फार नसावी. मौज पुढेच आहे. ही तोफ घंटेच्या धातूची, म्हणजे तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाची आहे, आणि अंगावर थाप मारली तर घंटेसारखी नाद देते असे सांगतात. आनंदवर्धनाच्या परंपरेने दाखल्यासाठी घेतलेली घंटा आमच्या सुलतानांनी सिंहाच्या जबड्याची तोफ करून बुरुजावर चढवली होती म्हणायची!

या तोफेविषयी आणखी एक गोष्ट लोक सांगतात. बुरुजावर पाण्याचे एक टाके आहे. बत्ती दिल्याबरोबर गोलंदाज त्यात उडी घेई आणि डोके पाण्याखाली ठेवी, म्हणजे कानठळ्या बसून जीव जाऊ नये. खरेखोटे इतिहासकारांनी पाहावे. मला या कथेत दिसते ते लोकांच्या कल्पनेचे शहाणपण. कथा सांगणाऱ्याने तोफेच्या गर्जनेचे वर्णन केलेच नाही. त्याने बत्ती आणि गर्जना यांच्यामधला क्षण घेतला, आणि त्या क्षणात एक माणूस पाण्याकडे धावताना दाखवला. गर्जना आपली आपल्यालाच ऐकू येते. आवाजाचे लेखन कसे करावे याचा याहून चांगला धडा मला कोणत्या पुस्तकात मिळालेला नाही.

तोफेच्या आवाजाचा मराठी मनावरचा सर्वांत खोल ठसा कोणता, असे विचारले तर शाळकरी पोरही विशाळगडाचे नाव घेईल. जुलै १६६० ची ती रात्र. महाराज गडावर पोचल्याच्या इशाऱ्याच्या तोफा ऐकू येईपर्यंत बाजीप्रभूंनी प्राण अडवून धरला, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. त्या तोफांनी कोणी मेले नाही. त्या तोफा म्हणजे निरोप होता. आमच्या परंपरेतला सर्वांत गाजलेला तोफेचा बार हा मारण्याचा नसून कळवण्याचा आहे, ही गोष्ट आजच्या पटकथाकारांनी भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे.

कारण आता तक्रारीकडे यायचे आहे. परंड्याच्या किल्ल्यात गेल्या उन्हाळ्यात मी काही मुले खेळताना पाहिली. बुरुजावर जुन्या तोफा पडून आहेत, त्यांच्या आडोशाने लपंडाव चालला होता. हातात लाकडाच्या ढलप्यांची पिस्तुले. माझ्या लहानपणी आम्ही तोंडाने ‘ठो’ करत असू. दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल मिळाले की तोंडाला सुट्टी. ही मुले ‘ठो’ म्हणतच नव्हती. ती डाव्या हाताने लाकडावरून हवा मागे ओढत आणि तोंडाने ‘खर्र-खटाक्’ करत. एकाने केले, दुसऱ्याने केले, पुन्हा पहिल्याने केले. मी पाच मिनिटे उभा होतो. तेवढ्या वेळात गोळी कोणीच झाडली नाही. सगळी लढाई खटक्यांचीच. मुले निरागस होती, पण त्यांनी आमच्या चित्रपटांचे जे परीक्षण करून दाखवले ते मला तीन स्तंभ भरूनही जमले नसते.

पडद्यावर हेच चालले आहे. नायक खोलीत शिरताना खटका करतो. चार वाक्ये बोलतो आणि पुन्हा खटका करतो. खलनायक हसला की तिसऱ्यांदा करतो. आता पहिल्या खटक्याने काडतूस नळीत बसले असेल, तर दुसऱ्या खटक्याने ते न झाडलेले काडतूस बाहेर उडून फरशीवर पडायला हवे. तिसऱ्याने आणखी एक. नायकाचे भाषण संपेपर्यंत त्याची निम्मी काडतुसे सतरंजीवर लोळत असायची! पण ती कधी पडत नाहीत, आणि पडली तर वेचायला कोणी वाकत नाही. पुष्कळदा हातात रिव्हॉल्व्हर असते. त्याला फिरते चक्र असते, सरकता भाग नसतोच. तरी आवाज मात्र खर्र-खटाक्. कोणी पिस्तूल नुसते खिशातून वर उचलले तरी भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा खुळखुळाट होतो. हे आवाज चित्रीकरणाच्या वेळी झालेले नसतात. बहुतेक मागाहून ध्वनिगृहात बसून, हातात काहीबाही धातूच्या वस्तू घेऊन केलेले असतात. ते काम करणाऱ्यांच्या कौशल्याबद्दल मला आदरच आहे. माझे भांडण आहे ते ‘आणखी एक टाका’ म्हणणाऱ्याशी.

कोणी म्हणेल, एवढे यंत्रशास्त्र कोण पाहतो? मीही पाहिले नसते. नाटकातल्या तलवारी पत्र्याच्या असतात हे ठाऊक असूनही आपण डोळे पुसतोच. काडतूस पडले नाही हा गुन्हा क्षम्य आहे. क्षम्य नाही ते हे की, तीनदा केलेल्या खटक्याने अर्थच मरतो. ‘माझे मन ठरले’ हे वाक्य माणूस एकदाच म्हणू शकतो. जो तीनदा म्हणतो त्याचे ठरलेले नसते. घंटेचे अनुरणन ऐकायचे तर दुसऱ्या टोल्याआधी थांबावे लागते. सारखी बडवली तर तिचा नाद राहत नाही, गोंगाट होतो. मग श्रोत्याचा कान मरतो, आणि मेलेल्या कानाला जागे करायला पुढच्या वर्षी आणखी मोठा आवाज लागतो. छापील रहस्यकथांचे दिवस ज्यांना आठवत असतील त्यांनी आठवून पाहावे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि झुंझार व काळापहाड यांच्या नावाने एका पिढीची झोप उडवली. त्या काळच्या कथांत पिस्तूल ‘रोखले’ जाई. रोखणे हे क्रियापद अगदी मुके आहे. आवाज वाचकाने मनात करायचा, आणि तो बरोबर एकदाच करी.

आता एक खरी घटना पाहू, कारण कलेतल्या आवाजाची परीक्षा शेवटी खऱ्या आवाजाशी लावावी लागते. २१ डिसेंबर १९०९. नाशिकचे विजयानंद थिएटर. देवलांचे ‘शारदा’ नाटक, किर्लोस्कर मंडळींचा प्रयोग, आणि बदली झालेले कलेक्टर जॅक्सन पाहुणे म्हणून आलेले. संस्कृतचा व्यासंग असलेला हा अधिकारी. लोक त्याला पंडित म्हणत. तेथे अनंत कान्हेरे या तरुणाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. पिस्तूल ब्राउनिंगचे होते. सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठवली होती, त्यांतले. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना फाशी झाली.

या घटनेचा राजकीय अर्थ इतिहासाने पुष्कळ सांगितला आहे. मी नाट्यसमीक्षकाच्या खुर्चीतून एवढेच पाहतो की, सरकत्या पोलादाचे ते नवे पिस्तूल मराठी नाट्यगृहात आले ते रंगमंचावरून आले नाही. ते प्रेक्षागृहात आले. आणि ज्याला खरोखर चाप ओढायचा आहे तो भरल्या सभागृहात उभा राहून स्लाइड मागेपुढे करत नाही. ते काम त्याने आधी, कोणाच्या कानावर जाणार नाही अशा जागी केलेले असणार. ज्याचे मन ठरले होते त्याचा खटका सभागृहाला मिळाला नाही, मिळाल्या त्या थेट गोळ्या. मग तो मधला क्षण, माणूस अजून थांबू शकतो तो क्षण, कोठे गेला? तो कोठल्यातरी खोलीत, एकट्या तरुणाच्या कानापुरता होऊन गेला. ज्याला या घटनेवर नाटक लिहायचे असेल त्याने थिएटरातल्या गोळ्यांत अडकू नये, त्या खोलीत जावे. तेथला एक खटका, एकदाच, आणि मग शांतता. चापेपर्यंतचा सारा प्रवास त्या शांततेत ऐकू आला पाहिजे.

असे करता येते याचा दाखला हवा असेल तर चेखॉवकडे पाहा. पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक टांगली असेल तर ती पुढे उडालीच पाहिजे, हे त्याचे मत इतके फिरून आले आहे की तेही आता गुळगुळीत झाले. पण त्याच चेखॉवने १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या ‘चेरी ऑर्चर्ड’मध्ये काय केले? एका पात्राजवळ बंदूक आहे, दुसऱ्याजवळ रिव्हॉल्व्हर आहे, आणि चार अंकांत एकही गोळी सुटत नाही. त्याऐवजी दोनदा दुरून एक आवाज येतो, तार तुटल्यासारखा. कोणाला कळत नाही तो कशाचा. एक म्हणतो खाणीत पाळणा तुटला असेल, दुसरा म्हणतो एखादा पक्षी असेल. एक जुने घर, एक बाग आणि एक काळ संपला, हे त्या आवाजाने सांगितले. मला तो आवाज फार परका वाटत नाही. टणत्कारही अखेर तारेचाच आवाज. आमच्याकडे तो बाण सुटण्याआधी होतो आणि रशियन नाटककाराने तो सगळे संपल्यावर ठेवला, एवढाच फरक.

तेव्हा लेखकांना, दिग्दर्शकांना आणि ध्वनिगृहातल्या मंडळींना माझे मागणे फार नाही. पिस्तुले काढून टाका असे मी म्हणत नाही. रहस्यकथेवर वाढलेल्या माणसाने असे म्हणणे शोभणारही नाही. खटका करा, पण एका माणसाच्या आयुष्यात एकदा करा. तो कोणी केला, कोणासाठी केला, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय झाले, हे दाखवायला त्यानंतर थोडा वेळ रिकामा ठेवा. आणि कधीतरी, वर्षातून एखाद्या कथेत, खटक्यानंतर गोळी सुटू देऊ नका. हात खाली येऊ द्या, मॅगझीन काढून टेबलावर ठेवू द्या, नळीतले काडतूस हळूच बाहेर काढू द्या. यंत्र तेच, सरकणारे पोलाद तेच, आवाजही जवळजवळ तोच; पण तो आता उलटा अर्थ सांगतो: या माणसाने मन बदलले. एका आवाजाला दोन अर्थ देता येणे ही तर भाषा झाल्याची खूण. आमच्या पडद्याने या आवाजाचा पहिला अर्थ तेवढा घोकला आहे. दुसरा अजून कोणी नीट वापरलेला माझ्या ऐकण्यात नाही. ज्याला तो साधेल त्याचे नाटक मी रांगेत उभा राहून तिकीट काढून पाहीन, आणि शेजारी बसलेल्या नातवाला मुळीच कान झाकायला सांगणार नाही.